आधी पाणी, मग पट्टी : पद्मिनीची बीडिंग आणि रबरं पुन्हा बसवताना

रंगकाम उरकून जुनी गाडी घरी येते तेव्हा अर्धवट नागडी असते. रंग आरशासारखा, पण बाजूच्या चकचकीत पट्ट्या नाहीत, काचांभोवती रबर नाही, डिकीवरचं नाव नाही. सोबत एक गोणी मिळते. तिच्यात वाकलेली बीडिंग (म्हणजे त्याच चकचकीत पट्ट्या), तुटक्या क्लिपा, चिकट झालेली रबरं आणि कुठले कुणास ठाऊक असे मूठभर स्क्रू. आमच्या प्रीमियर पद्मिनीची ती गोणी मी तीन आठवडे उघडलीच नव्हती. उघडली तेव्हा घाई केली, आणि पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा पिळून काढावा लागला. सगळं उतरवून दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

बाहेरच्या पट्ट्या आणि रबरं दागिन्यांसारखी दिसतात, पण कामाच्या दृष्टीने ती पन्हाळी आहेत. पाणी कुठून आत येणार, कुठून वाहणार आणि कुठून बाहेर पडणार, हे त्यांच्यावर ठरतं. त्यामुळे पट्टी ठोकून बसवणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. खरं काम भोकांचं, पत्र्याचं आणि मापाचं.

उदाहरण पद्मिनीचं घेतलंय, कारण हाताखालून तीच गेली. पण ॲम्बॅसेडर असो की स्टँडर्ड हेराल्ड, पद्धत फारशी बदलत नाही.

गोणी रिकामी करा, पण काही फेकू नका

कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून बाहेर पडत राहिली, ती पार शतक संपेपर्यंत. एवढ्या वर्षांत पट्ट्यांची लांबी, क्लिपांची जागा, बिल्ले हे सगळं बदलत गेलं. वर डिलक्स आणि साधी असा फरक. म्हणून मित्राच्या गाडीचे फोटो बघून आपल्या गाडीला भोकं पाडू नका. तुमच्या पत्र्यावरची जुनी भोकं हाच तुमचा नकाशा.

जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि गाडीचा आकार डोळ्यासमोर ठेवून एकेक वस्तू मांडत जा: डावा पुढचा दरवाजा, उजवा पुढचा, आणि तसंच पुढे. प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने 'डा-पु', 'उ-मा' असं लिहा. डावी आणि उजवी पट्टी सारखीच दिसते, पण टोकाचा कापलेला कोन उलटा असतो. हे बसवताना कळलं तर रंग खरवडल्यावर कळतं.

जुनं रबर कितीही कडक झालेलं असो, नवीन आणून पडताळल्याशिवाय टाकू नका. दुकानात 'पद्मिनीचं दरवाज्याचं रबर द्या' म्हटलं की समोर तीन प्रकार येतात. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा ब्लेडने सरळ कापून खिशात ठेवा आणि त्याचा छेद नव्याच्या छेदाशी जुळवा. आतली पोकळी, ओठाची जाडी, पत्र्यावर चढणारी खाच, तिन्ही जुळायला हवं.

मुंबईची शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. काळी-पिवळी धावत होती तोवर तिच्या जिवावर आपल्यासारख्यांनाही सुटे भाग मिळत. आता पुण्यात नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार अशी पायपीट करावी लागते. मिळेल ते रबर घेऊ नका. बोटाने दाबा: लगेच मूळ आकारात यायला हवं. वाकवून बघा: बाहेरच्या वळणावर बारीक चिरा दिसल्या तर ते दुकानातच म्हातारं झालंय. नैसर्गिक रबर ऊन आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर जास्त टिकतं, दोन पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

पट्टी कशाची आहे ते आधी ओळखा

चमकतं ते सगळं क्रोम नसतं. खिशात एक लोहचुंबक ठेवा. चुंबक घट्ट चिकटला आणि कुठे कुठे गंजाचे ठिपके असतील तर लोखंडावर क्रोम. चुंबक अजिबात चिकटत नाही, वस्तू हलकी आहे आणि चमक जरा दुधाळ आहे, तर ॲनोडाइज्ड, म्हणजे वर पातळ संरक्षक थर चढवलेलं ॲल्युमिनियम. जड आहे, चिकटत नाही आणि पृष्ठभागावर फोड आलेत, तर जस्ताचा ओतीव मिश्रधातू, ज्याला बाजारात 'मझाक' म्हणतात. बिल्ले आणि हँडल बहुधा याचेच. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबक दगा देतो, कारण त्यातल्या काही जाती चिकटतात, काही नाही. पण गंज नाही, पोचे आहेत आणि वजन ॲल्युमिनियमपेक्षा जास्त, तर स्टेनलेस समजायला हरकत नाही.

हे ओळखणं का गरजेचं? स्टेनलेसला पोचा गेला तर तो परत येतो. पट्टी पालथी घालून वाळूच्या पिशवीवर किंवा सागाच्या तुकड्यावर ठेवा आणि आतून लाकडी ठोकणीने हळूहळू पोचा वर आणा. मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत, आणि शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चमकवणं. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे हे काम झकास करतात, फक्त एक सांगून ठेवा: लांब पट्टी तशीच चाकावर धरायची नाही. चाक ती हातातून हिसकावतं, गुंडाळतं, आणि धरणाऱ्याला जखम होते ती वेगळीच. पट्टी लाकडी बॅटनवर घट्ट बसवून मगच चाकाला लावायची.

ॲल्युमिनियमला मात्र मेटल पॉलिश किंवा सोड्याचं पाणी लावू नका. वरचा ॲनोडाइज्ड थर निघतो आणि पट्टी कायमची मळकट होते. साबणपाणी आणि मऊ फडकं, बस्स. क्रोमवरचे गंजाचे ठिपके काढायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल बोळा करून पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, छान निघतात. मझाकचे फोड मात्र घासून जात नाहीत. तो भाग प्लेटिंगवाल्याकडेच द्यावा लागतो आणि तिथेही तांबं, निकेल, क्रोम असे तिन्ही थर देतात का हे विचारूनच द्या.

भोकं : इथे वेळ घालवा

रंगकाम करताना आमच्या पेंटरने दारांवरची क्लिपांची निम्मी भोकं पुट्टीने बुजवून टाकली होती. त्याची भावना चांगली होती, 'साहेब, आता प्लेन दिसेल'. गाडी रंगाला द्यायच्या आधी एवढं एक करा: प्रत्येक दरवाज्यावर आणि मडगार्डवर ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी चिकटवा, भोकं पेन्सिलने उमटवा, दरवाज्याची कड आणि हँडल याही खुणा करा. आणि पेंटरला तोंडी सांगून थांबू नका, भोकाभोवती खडूने गोल करून द्या.

भोकं बुजलीच असतील तर आतून शोधा. दरवाज्याचा आतला पुठ्ठा काढा, टॉर्च मारा. पुट्टी भोकातून आत आलेली दिसते, बोटालाही लागते. बाहेरून त्या जागी मास्किंग टेपचे दोन थर लावा आणि आतून २ मिलिमीटरच्या ड्रिलने हळू आरपार या, मग बाहेरून मापाएवढं मोठं करा. आतून हात पोचत नसेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूची मापं आरशासारखी उलटी करून घ्या. ड्रिलचा कीस दाराच्या तळाशी पडू देऊ नका. चुंबकाने वेचा किंवा व्हॅक्यूमने ओढा. तो कीस पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या रंगाला आतून फुगवतो.

आता प्रत्येक भोकाची कड. पट्टीच्या मागे पाणी साचतं, ते दिवसेंदिवस वाळत नाही. क्लिप सरकताना कडेचा रंग खरवडते, पत्रा उघडा पडतो, आणि दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की गंज झपाट्याने धावतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर बघायलाच नको. पट्टीच्या रेषेत गंजलेल्या जुन्या गाड्या पाहिल्या असतील, तो रोग इथूनच सुरू होतो.

म्हणून कड गोल कानशीने साफ करा, गंज असेल तर पत्रा चमकेपर्यंत खरवडा, बारीक ब्रशने इपॉक्सी किंवा झिंक प्रायमरचे दोन हात, त्यावर गाडीच्या रंगाचा एक हात. एक दिवस वाळू द्या. मग पट्टी येणार त्या संपूर्ण रेषेवर मेणाचं पॉलिश. पण नवीन रंगाला मेण लगेच नाही: रंग ताजा असताना त्यातला थिनर बाहेर पडायचा असतो. मी पट्ट्या बसवायला निदान दहा-बारा दिवस आणि मेणाला महिनाभर थांबा म्हणेन. मेण आधी हवं आणि पट्टीची घाई नसेल तर सगळंच महिन्यावर ढकला. दुसऱ्यांदा मी तेच केलं.

क्लिपा आणि बाजूच्या पट्ट्या

क्लिपा साधारण तीन तऱ्हेच्या दिसतात: भोकात दाबून बसणारी स्प्रिंगची तार, प्लॅस्टिकची खुंटी, आणि पट्टीच्या टोकाला असणारा छोटा बोल्ट, ज्याला आतून नट लागतो. टोकाचा बोल्ट महत्त्वाचा, कारण हवेच्या झोताने पट्टी उचकटते ती टोकाकडून. जुन्या स्प्रिंगा परत वापरायचा मोह टाळा. नव्या मिळत नसतील तर जुन्यांपैकी गंज नसलेल्या निवडा आणि टोकांना वाटून द्या, अधल्यामधल्या जागी प्लॅस्टिकच्या चालतील. आणि कृपा करून फर्निचरचा स्क्रू बाहेरून मारू नका. असे बरेच पाहिले आहेत.

क्रम असा. पट्टी न लावता आधी दोरा. पुढच्या मडगार्डपासून मागपर्यंत सुती दोरा ताणून दोन्ही टोकांना टेपने धरा आणि भोकं रेषेत आहेत का बघा. दरवाजा बिजागरीवर जरा खाली आला असेल तर तिथेच कळतं, आणि दुरुस्ती बिजागरीला करायची, पट्टीला नाही. मग पुढच्या दरवाज्याची पट्टी पहिली बसवा. मडगार्ड आणि मागचा दरवाजा दोन्हीकडच्या पट्ट्या तिच्याशी जुळवून घेता येतात.

प्रत्येक क्लिपच्या मुळाशी वाटाण्याएवढा ब्युटाइल सीलंटचा गोळा दाबा. काळ्या, चिकट, कधीच न सुकणाऱ्या पट्टीच्या रूपात तो मिळतो. बाथरूमच्या सिलिकॉनचं नाव काढू नका: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि पत्र्याला गंज धरवतं. शिवाय पुढे कधी रंग करायचा झाला तर त्या जागी रंग फाटतो.

पट्टी वरच्या कडेने क्लिपांवर टेकवा आणि तळहाताने खालची कड दाबत एका टोकाकडून दुसरीकडे जा. 'टक्' असा आवाज येतो. नाही आला तर हातोडी उचलू नका, क्लिप तिरकी बसली आहे. टोकाच्या बोल्टला आतून नट लावताना नट पान्यातून सतत पडतो. पान्यात चिमूटभर घट्ट ग्रीस भरा, नट त्यात धरून राहतो. हाताने घट्ट होईल एवढाच आवळा आणि मग पाव फेरा. जास्त आवळलं की पट्टीत खळगी पडते, आणि ती उन्हात लांबूनही दिसते.

शेवटी दरवाजा अगदी हळू उघडा. दाराची पुढची कड उघडताना मडगार्डच्या मागे शिरते. तिथे दोन पट्ट्यांत ३-४ मिलिमीटर मोकळी जागा नसेल तर पट्टीचं टोक नव्या रंगावर ओरखडा काढतं. आमच्या गाडीवर डाव्या बाजूला तो अजून आहे.

दरवाज्याचं आणि डिकीचं रबर

रबर ताणून लावू नका, हा एकच नियम पाठ करा. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि जोडाच्या जागी बोटभर फट पडते. उलट किंचित दाबत, कोंबत लावायचं आणि १०-१५ मिलिमीटर जास्त ठेवून मगच कापायचं. मे महिन्यात हे काम सोपं जातं, रबर अर्धा तास उन्हात ठेवलं की लोण्यासारखं वळतं. डिसेंबरात करणार असाल तर कोमट पाण्यात बुडवा.

जोड सरळ भागात असू द्या, वळणावर नको. दरवाज्यासाठी खालच्या उंबऱ्याच्या बाजूला. कापताना ब्लेड काटकोनात धरा आणि टोकं सुपर ग्लूने जोडा. पत्र्याला चिकटवण्यासाठी कुशनवाले वापरतात तसा सिंथेटिक रबराचा गोंद: दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटणार नाही इतका सुकू द्या, मग दाबा. ओला असताना दाबलंत तर तो दिवसभर सरकत राहतो. ज्या रबराला पत्र्यावर चढणारी खाच आहे त्याला मात्र गोंद नकोच.

सरकवण्यासाठी साबणपाणी किंवा औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांपैकी काहीही रबराला लावायचं नाही. पहिल्या खेपेला मी 'जरा मऊ होईल' म्हणून रॉकेल चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी रबर फुगून अस्वलाच्या पंजासारखं झालं.

बसवल्यावर जुनं पोस्टकार्ड किंवा दहाची नोट दार आणि रबराच्या मध्ये ठेवून दार लावा आणि ओढा. ओढताना अडखळत यायला हवी. सहज आली तर तिथे फट, अजिबात येत नसेल तर रबर जाड. दर हातभर अंतरावर ही तपासणी करा. नवं रबर असल्यामुळे सुरुवातीला दार जोरात लावावं लागतं, म्हणून लगेच लॉकच्या खिट्टीशी खेळायला जाऊ नका. दोन-तीन आठवडे दारं बंद ठेवून गाडी उभी राहू द्या, रबर दबतं. मगच ठरवा.

डिकीचं रबर लोक टाळतात, पाऊस आला तर सामान भिजेल एवढंच ना म्हणून. तसं नाही. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर फटीतून डिकीत, तिथून मागच्या सीटमधून आत ओढला जातो. मागे बसलेल्यांचं डोकं दुखत असेल तर आधी हे रबर बघा.

दाराच्या आतलं पाणी

माझा गालिचा इथेच भिजला होता. दरवाज्याच्या काचेला बाहेरून टेकणारी पुसणी पट्टी पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं पाणी दाराच्या पोटात शिरणारच, रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. रंग, पुट्टी किंवा गाडीखाली मारलेल्या काळ्या कोटिंगने ही भोकं बंद झाली की दार म्हणजे बादली. सायकलच्या स्पोकने प्रत्येक भोक मोकळं करा. दारात वरून तांब्याभर पाणी ओता. मिनिटाभरात ते खालून धारेने पडलं पाहिजे.

आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद असतो. जुन्या गाडीत तो फाटलेला किंवा गायबच. जाड प्लॅस्टिक कापून कडेने ब्युटाइलने चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोटात सोडा, बाहेर नको. माझ्या मिस्त्रींनी नेमकी ती बाहेर सोडली होती आणि सगळं पाणी शिस्तीत पायाखाली येत होतं. काच सरकते त्या मखमली चॅनललाही तेल नको, सिलिकॉन स्प्रे चालेल.

पुढची काच

याला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक अनुभवी असला तर बरं. लॅमिनेटेड काच कडेकडून तडकते, म्हणून ती कधीही कोपऱ्यावर उभी करू नका.

चौकटीचे खालचे दोन कोपरे आधी बघा, गंज तिथेच असतो. तो काढून, रंगवून मगच पुढे. टेबलावर घोंगडी टाकून काच ठेवा आणि रबर काचेवर चढवा. जोड असेल तर मी तो वरच्या कडेच्या मध्यावर ठेवतो, खाली पाणी साचतं. चमकती पट्टी कडक धातूची असेल तर ती आत्ताच, टेबलावरच रबराच्या खाचेत बसवायची. लवचिक प्लॅस्टिकची असेल तर काच बसल्यावर, जाड तारेचा वेटोळा करून खाच उघडत सरकवायची. हा क्रम उलटा झाला की काच पुन्हा काढावी लागते.

आता ४-५ मिलिमीटरची नायलॉनची दोरी रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून घाला. दोन्ही टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून जाऊ द्या. चौकटीला आणि रबराला साबणपाणी. एकाने बाहेरून काच चौकटीत टेकवायची, दुसऱ्याने आत बसून दोरीचं एक टोक काचेला समांतर ओढायचं. दोरी ओढली जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. बाहेरच्याने त्याच जागी तळहाताने थोपटत राहायचं. मुठीने नाही. खालची कड, मग दोन्ही बाजू, शेवटी वर. अडलं तर थांबा, मागे या, पुन्हा साबण लावा.

बसल्यावर बाहेरून रबराचा ओठ लाकडी पट्टीने उचलून पत्र्याच्या बाजूला न सुकणारं सीलंट भरा. बाहेर आलेलं व्हाइट स्पिरिटच्या ओल्या फडक्याने पुसा. ते रबरावर राहू देऊ नका, लगेच साबणपाण्याचा हात फिरवा. दिवे आणि हँडल यांच्या खालचे छोटे गॅस्केट (पत्र्याला टेकणारे रबराचे पातळ तुकडे), बिल्ले आणि छताच्या गटारीवरची पट्टी हे यानंतर. गटारीच्या सांध्यातला मसाला तडकलेला असेल तर पट्टी चढवण्याआधी तो खरवडून नवा भरा, एरवी या कामात अवघड काही नाही.

पाण्याची परीक्षा

पावसाची वाट बघू नका. आतले गालिचे काढा, सगळ्या रबरांच्या आतल्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरा. एक माणूस टॉर्च घेऊन आत. बाहेरून पाइपाचं पाणी, जोराच्या फवाऱ्याने नव्हे, नुसती धार. सुरुवात खालून: आधी दाराचा उंबरा, पाच मिनिटं. मग काचेची खालची कड, मग बाजू, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला की तिथे आतून टेपचा तुकडा लावा आणि पुढे चला. दुरुस्त्या गाडी वाळल्यावर एकत्र करा.

आमच्या गाडीला दुसऱ्या खेपेस तीन तुकडे लागले. दोन पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, एक डिकीच्या रबराच्या जोडावर. डिकीचा जोड कापून नव्याने चिकटवला, कोपऱ्यात सीलंट भरलं आणि मिस्त्रींना म्हटलं, 'काका, आता परत पाइप लावा.' ते म्हणाले, 'आधी चहा. तोवर दाराखाली बघा, भोकांतून पाणी पडतंय का अजून.' पडत होतं.